पदवी नसलेला प्रोफेसर : डोबेरायनर यांचा दिवा आणि आजचा हायड्रोजन

दहावीच्या विज्ञानात आपल्या मुलांना ‘डोबेरायनरची त्रिके’ शिकावी लागतात. लिथियम, सोडियम, पोटॅशियम. परीक्षा झाली की नाव विसरले. पण आज स्वच्छ ऊर्जा म्हणून ज्या हायड्रोजनची सगळीकडे चर्चा आहे, त्याच्या मुळाशी याच माणसाचे काम आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

योहान वोल्फगांग डोबेरायनर यांचा जन्म 1780 साली जर्मनीतील होफ या गावी झाला. वडील घोडागाडी हाकायचे. नीट शाळा मिळालीच नाही. 14 व्या वर्षी पोराला एका औषधवाल्याकडे कामाला ठेवले. तिथेच औषधे कुटता कुटता तो रसायनशास्त्र शिकला. पुढे स्वतःचे धंदे काढले, ते बुडाले. बायको-मुले घेऊन हलाखीत दिवस काढण्याची वेळ आली.

अशा वेळी, 1810 मध्ये, येना विद्यापीठाने त्यांना प्रोफेसर म्हणून बोलावले. शाळा-कॉलेजची पदवी नाही, पण हातात हुन्नर होता. त्याची कदर करणारेही भेटले : वायमारचे ड्यूक कार्ल आउगुस्ट आणि त्यांचे मंत्री, प्रसिद्ध कवी गटे. डोबेरायनर यांनीही ही जाण ठेवली. दुसऱ्या विद्यापीठांची बोलावणी आली, तरी त्यांनी मरेपर्यंत येना सोडले नाही.

1823 मध्ये त्यांनी हायड्रोजनचा झोत स्पंजासारख्या सच्छिद्र प्लॅटिनमवर सोडला. प्लॅटिनम तापून लाल झाले आणि वायूने पेट घेतला. ना काडी, ना ठिणगी! प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात, उष्णता निघते, प्लॅटिनम मात्र खर्च होत नाही. अशा पदार्थाला आपण उत्प्रेरक म्हणतो. या क्रियेला नाव नंतर, 1835 मध्ये, स्वीडनच्या बर्झेलियस यांनी दिले.

यावरून त्यांनी दिवा बनवला. आत जस्त आणि सौम्य सल्फ्युरिक आम्ल. तोटी फिरवली की हायड्रोजन निघायचा आणि प्लॅटिनमवर पेटायचा. काडेपेटी घराघरांत पोचण्याआधीचा तो काळ. दिवा खूप खपला, पण पैसा कमावला दुसऱ्यांनी. डोबेरायनर यांनी पेटंट घेतलेच नव्हते. 1849 मध्ये येनामध्येच त्यांचे निधन झाले.

आज फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन प्लॅटिनमच्याच मदतीने एकत्र येतात. फरक इतकाच की ज्योतीऐवजी वीज मिळते आणि मागे पाणी उरते. प्लॅटिनम महाग, म्हणून ते कमी लागावे किंवा त्याऐवजी स्वस्त धातू वापरता यावा, यासाठी जगभर संशोधन चालू आहे. भारतानेही 2023 मध्ये हरित हायड्रोजन मिशन हाती घेतले आहे.

गॅरेजमध्ये, मेडिकलच्या काउंटरवर राबणारी हुशार पोरे आपल्याही मोहल्ल्यात आहेत. शाळा सुटली म्हणजे डोके संपले, असे आपण धरून चालतो. डोबेरायनर यांना ओळखणारे कुणीतरी भेटले. आपल्या या पोरांना ओळखायचे काम आपल्यालाच करायचे आहे.