आकाशाची उंची मोजणारा माणूस : सर एडवर्ड ॲपलटन

कम्युनिकेशनच्या पुस्तकात 'स्काय वेव्ह' नावाचा एक छोटासा टॉपिक असतो. डी, ई आणि एफ असे थर, एक आकृती, की झालं उत्तर! पण मित्रांनो, ही नावं ए, बी, सी सोडून एकदम डीपासून का सुरू होतात? मला हा प्रश्न पडला आणि शोधता शोधता मी सर एडवर्ड ॲपलटन यांच्यापर्यंत पोचले.

त्यांचा जन्म ६ सप्टेंबर १८९२ चा, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या गावातला. घरची परिस्थिती साधीच, वडील गोदामात नोकरीला. स्कॉलरशिपच्या जोरावर पोरगा शिकला आणि केंब्रिजला पोचला. तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. सैन्यात असताना त्यांचा वायरलेसशी संबंध आला आणि तो आयुष्यभर टिकला.

युद्धानंतर ते केंब्रिजच्या प्रसिद्ध कॅव्हेंडिश लॅबमध्ये काम करू लागले. १९२२ मध्ये बीबीसीचं प्रसारण सुरू झालं. लंडनचं स्टेशन केंब्रिजला दिवसा एकसारखं ऐकू यायचं, रात्री मात्र आवाज कमीजास्त व्हायचा. ॲपलटनना वाटलं, रात्री एकाच स्टेशनच्या दोन लहरी येत असतील. एक जमिनीवरून सरळ, दुसरी आकाशातून परावर्तित होऊन. दोघी कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना मारतात!

आकाशात असा विद्युतवाहक थर असावा, हे १९०२ मध्येच अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड यांनी सुचवलं होतं. मार्कोनीचा सिग्नल गोल पृथ्वीला वळसा घालून अटलांटिकपार कसा गेला, याचं उत्तर त्यात मिळत होतं. पण थेट पुरावा? २२ वर्षं तो कोणीच दिला नव्हता.

तो मिळाला ११ डिसेंबर १९२४ च्या रात्री. कार्यक्रम संपल्यावर बीबीसीच्या बोर्नमथ स्टेशनचा ट्रान्समीटर प्रयोगासाठी वापरला गेला. त्याची तरंगलांबी हळूहळू बदलत न्यायची आणि ऑक्सफर्डला बसलेल्या ॲपलटन व त्यांचा न्यूझीलंडचा विद्यार्थी माइल्स बार्नेट यांनी आवाज किती वेळा चढतो-उतरतो ते मोजायचं, एवढाच प्रयोग!

गणित आपल्यालाही जमेल. समजा, तरंगलांबी ३८५ वरून ३९५ मीटर केली आणि आवाज ७ वेळा चढला-उतरला. म्हणजे दोन वाटांमधला फरक सुमारे १०६ किलोमीटर. दोन्ही ठिकाणांतलं अंतर साधारण १२० किलोमीटर धरलं, तर पायथागोरस सांगतो की थर सुमारे ९६ किलोमीटर उंचीवर आहे. ॲपलटनचं उत्तरही याच्या आसपासचंच होतं.

पुढे त्यांना आणखी वर, २०० किलोमीटरच्याही पलीकडे, दुसरा थर सापडला. पहिल्या थरासाठी ते वहीत ई हे अक्षर वापरत होते (इलेक्ट्रिक फील्डचं ई), म्हणून दुसरा झाला एफ. खाली किंवा वर आणखी थर सापडले तर अक्षरं शिल्लक हवीत, हाही विचार होताच. खालचा थर डी झाला. दिवसा सूर्यप्रकाशामुळे तयार होणारा हा डी मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो, म्हणून दिवसा जवळचीच स्टेशनं लागतात. सूर्य मावळला की तो विरतो, लहरी वरच्या थरांपर्यंत जाऊन परत येतात आणि शेकडो किलोमीटरवरचं स्टेशन घरात बोलू लागतं.

१९४७ मध्ये ॲपलटनना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९४९ पासून ते एडिंबरा विद्यापीठाचे प्रमुख होते आणि त्या पदावर असतानाच २१ एप्रिल १९६५ रोजी त्यांचं निधन झालं.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की त्यांच्याकडे रॉकेट नव्हतं, सॅटेलाइट नव्हता. लॅबमध्ये सिग्नल हलायला लागला की आपण आधी प्रोब बदलतो आणि रीडिंग सोडून देतो. त्यांनी तो हलणारा सिग्नलच मोजायला घेतला! घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर एकदा मोबाइलचे चार्जर काढून ठेवा आणि मीडियम वेव्हचा काटा फिरवून बघा. एकदा दुपारी, एकदा रात्री अकरानंतर. कुठली स्टेशनं लागली, ते वहीत नक्की लिहून ठेवा.