ताराबाई मोडक : छडीवाचूनची शिस्त

हळ्ळीखेडला आपण मराठीत बोलत असू वा कन्नडमध्ये, लहानग्यांच्या शाळेला अंगणवाडीच म्हणतो. या शब्दामागे ज्यांचे आयुष्य उभे आहे, त्या ताराबाई मोडक यांची ओळख आपल्या सभासदांच्या घरी व्हावी, म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाशी जोडलेल्या केळकर कुटुंबात झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोटच्या स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. पण ती मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. तेथे मॉन्टेसरी पद्धत चाले. छडी नाही, आणि बक्षिसाचे आमिषही नाही. म्हणून वर्गात गोंधळ असे, असे मात्र नाही. या पद्धतीत सामान मुलाच्या हाताला येईल अशा बुटक्या फळ्यांवर असते व प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. मूल आपले काम आपण निवडते, चटई अंथरते, काम संपले की वस्तू जागेवर ठेवते. वस्तू एकच असल्याने दुसऱ्याला थांबावे लागते. नियम मांडणीतच असतो; बाई बोलतात कमी, पाहतात जास्त.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ सोबतीला होत्या. महाग साधनांऐवजी त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने घेतली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. १९५७ पासून कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम सुरू झाले. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. धाकटे भावंड सांभाळणाऱ्या मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली, तीच विकासवाडी. मूल येत नसेल तर मुलाला दोष न देता मांडणी बदलायची, हा त्यांचा धडा.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी केंद्र सरकारची अंगणवाडी योजना सुरू झाली.

आपली मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत कन्नड वा इंग्रजी ऐकतात. भाषा न कळल्याने हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसलेले मूल शहाणे ठरते. आम्हांला वाटते, अशा गप्प मुलाकडेच आधी पाहावे. निदान घरात एक बुटकी फळी त्याच्या वस्तूंसाठी ठेवावी आणि काय काढायचे, कुठे ठेवायचे, हे त्यालाच ठरवू द्यावे.