मेघनाद साहा : शिष्यवृत्तीच्या आधाराने ताऱ्यांपर्यंत

घरची ऐपत नसेल तर विज्ञानात पीएच.डी. होत नाही, असे आपल्या अनेक मुलामुलींना वाटते. त्यांनी मेघनाद साहा यांचे आयुष्य जरूर वाचावे.

६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळील शेओडातली गावात, खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीत त्यांचा जन्म झाला. वडिलांचे छोटे किराणा दुकान. पुढची शाळा लांब होती. तेथील डॉ. अनंतकुमार दास यांनी मेघनादला आपल्या घरी ठेवून घेतले, म्हणून शिक्षण सुटले नाही. पुढे जिल्ह्यात पहिला येऊन त्याने शिष्यवृत्ती मिळवली. १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीविरुद्ध निषेध केला, तेव्हा शाळा आणि शिष्यवृत्ती दोन्ही गेल्या. दुसऱ्या शाळेने प्रवेश दिला.

१९११ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. वसतिगृहात सवर्ण मुले त्यांच्या पंक्तीला बसत नसत. तरीही शिकले, १९१६ मध्ये विद्यापीठात अध्यापक झाले आणि शिकवता शिकवता संशोधन करून डी.एस्सी. मिळवली. एका परदेशी नियतकालिकाने निबंध छापण्याचा खर्च मागितला. तेवढे पैसे नव्हते, पण काम थांबले नाही. ताऱ्यांच्या वर्णपटांवरील प्रबंधाला प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. ती मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या देणगीतून सुरू झालेली. तिच्या आणि आणखी एका शिष्यवृत्तीच्या आधारावर ते लंडन आणि बर्लिनच्या प्रयोगशाळांत पोहोचले. १९२० मध्ये त्यांचे आयनीभवनाचे समीकरण प्रसिद्ध झाले. ताऱ्यांच्या वर्णपटातून त्यांचे तापमान त्यामुळे उलगडता आले. १९२७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

प्रबंध तयार होता, म्हणून शिष्यवृत्ती हाती आली. आजही तेच लागू आहे. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ मिळते. अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय फेलोशिप आणि बार्टीची फेलोशिप आहे. जर्मनी, नेदरलँड्ससारख्या देशांत पीएच.डी.ची जागा बहुधा पगारी नोकरीच असते, तिची जाहिरात निघते. मार्गदर्शकाला पत्र लिहिताना नुसती गुणपत्रिका जोडू नका. त्यांचे काम वाचून, आपल्याला कोणता प्रश्न सोडवायचा आहे ते चार ओळींत लिहा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. कागदासाठी तारीख हुकू देऊ नका.

आणि कार्यकर्त्यांनो, साहांना अनंतकुमार दास भेटले होते. आपल्या वस्तीत एम.एस्सी. होऊन घरी बसलेली मुलगी असेल, तर तिचा अर्ज भरायला आज तिच्या शेजारी बसा.