राजा भोज आणि परमारांचा अस्त

धारा नगरीचा राजा भोज मराठी माणसाच्या ओळखीचा आहे तो मुख्यतः गोष्टींतून. त्याच्या दरबारात कालिदास होता, एकेका श्लोकासाठी तो लाखांचे दान करी, अशा कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. यांतील बऱ्याच कथा सोळाव्या शतकातील बल्लाळाच्या भोजप्रबंधातून आल्या. प्रत्यक्षात कालिदास भोजाच्या कित्येक शतके आधीचा. ताम्रपटांतून आणि शिलालेखांतून दिसणारा भोज मात्र वेगळा आहे. तो थोर पंडित होता, पण आयुष्यभर शेजाऱ्यांशी लढत राहिला आणि अखेर त्या लढायांतच राज्य गमावून बसला.

परमार घराणे मुळात दक्षिणेतील राष्ट्रकूटांचे मांडलिक. अबूच्या अग्निकुंडातून मूळपुरुष प्रकटल्याची कथा दरबारी कवी पद्मगुप्ताने सांगितली, पण इ. स. ९४९ चा हरसोल ताम्रपट या घराण्याचा संबंध राष्ट्रकूट कुळाशी जोडतो. धन्याचे बळ ओसरताच सीयकाने उलट उठाव केला आणि ९७२ मध्ये थेट राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट लुटली. परमारांचा उदय तो हाच. पण राष्ट्रकूटांची जागा घेणाऱ्या चालुक्यांचे वैरही त्याबरोबरच आले. सीयकानंतरचा राजा मुंज याने चालुक्य तैलपाला अनेकदा हरविले. अखेर मंत्र्याचा सल्ला डावलून तो गोदावरी ओलांडून गेला, पकडला गेला आणि मारला गेला.

या मुंजाचा पुतण्या भोज १०१० च्या सुमारास गादीवर आला. काकाच्या मृत्यूचे शल्य त्याला वारशातच मिळाले होते. त्याने कलचुरी गांगेय आणि चोळ राजेंद्र यांच्याशी संधान बांधून चालुक्यांवर स्वारी केली. त्यातून फारसे काही हाती लागले नाही. कोकण मात्र त्याने जिंकले. १०२० च्या दोन ताम्रपटांत त्या विजयोत्सवानिमित्त दिलेल्या दानांची नोंद आहे. तो ताबाही फार काळ टिकला नाही. शाकंभरीचे चाहमान, ग्वाल्हेरचे कच्छपघात, गुजरातचे चौलुक्य, सर्वांशी त्याचे बिनसले. मैत्री टिकविण्याची कला या राजाला साधली नाही, असेच म्हणावे लागते.

याच धामधुमीत त्याच्या नावावर ग्रंथांची रास उभी राहिली. योगसूत्रांवरील राजमार्तंड, काव्यशास्त्रावरील शृंगारप्रकाश, शके ९६४ चा ज्योतिषग्रंथ राजमृगांक, आणि ८३ अध्यायांचा समरांगणसूत्रधार. या शेवटच्या ग्रंथात नगररचना व मंदिरे यांच्याबरोबर लाकडी यंत्रपक्षी आणि आपोआप हलणाऱ्या बाहुल्याही आहेत. इतके सारे एका राजाने एकट्याने लिहिले असेल, हे मानणे अवघड. पण हे काम करवून घेणारा जाणकार होता, यात शंका नाही. बेटवा नदीकाठी भोजपूरला त्याच्या नावाशी जोडलेले शिवमंदिर आजही अपुरे उभे आहे. सुमारे साडेसात फूट उंचीचे अखंड शिवलिंग, दगड वर चढविण्यासाठी घातलेला मातीचा उतार आणि आसपासच्या खडकांवर कोरलेले मंदिराचे आराखडे तिथे पाहायला मिळतात.

१०४२ च्या सुमारास कल्याणीच्या गादीवर आलेल्या चालुक्य सोमेश्वराने पुढे धारा जिंकून लुटली. भोज पुन्हा परतला, पण पूर्वीचा दरारा परतला नाही. मग गुजरातचा भीम आणि कलचुरी कर्ण यांनी मिळून माळव्यावर चाल केली. कर्ण हा भोजाच्या जुन्या मित्राचा, गांगेयाचाच मुलगा! १०५५ च्या सुमारास, शत्रू चालून येत असताना भोज निधन पावला. त्याचा वारस जयसिंह गादीवर बसू शकला तो सोमेश्वराच्या मदतीने. ज्या घराण्याचा सूड घेण्यात परमारांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या, त्याच्याच आश्रयाला जाण्याची वेळ आली.

पुढे उदयादित्याने राज्य काहीसे सावरले. परंतु बाराव्या शतकात गुजरातने माळवा गिळला, १२३४-३५ मध्ये अल्तमशने भिलसा व उज्जैन लुटले आणि १३०५ मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या सैन्याने महलकदेवाला ठार करून मांडू घेतले. अठराव्या शतकात धारला राज्य स्थापणारे मराठा पवार स्वतःला याच परमारांचे वंशज मानीत. भोजपूरजवळचा, भोजाने बांधल्याचे सांगितले जाणारा प्रचंड तलाव मात्र घराणे बुडाल्यावरही शंभरावर वर्षे भरलेला होता. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशहा याने त्याचा बांध फोडला.