भास्कराचार्य आणि आमचा तिरपा तुकडा

दहावीच्या गणितातून कसाबसा सुटलो आणि कला शाखेत आलो, तेव्हा काटकोन त्रिकोणाला कायमचा रामराम ठोकला असे मी समजत होतो. त्याने मला परत गाठले ते दुधनाकाठच्या आमच्या शेतात.

आजोबा वारल्यावर वडील व काका यांच्यात वाटणी झाली. काकांकडे नीट चौरस तुकडा गेला, आमच्याकडे ओढ्याच्या बाजूचा तिरपा. दोर लावून धुरे मोजले. दोन्हीकडे चारही बाजू सारख्या भरल्या. मग जमीनही सारखीच, असे जाणत्यांनी ठरवले. पुढे पेरणीच्या वेळी आमचे बियाणे मात्र दरवर्षी उरू लागले. वडील काही बोलले नाहीत. आई बोलत राहिली.

गेल्या वर्षी मराठीच्या तासाला जुन्या शिलालेखांचा विषय निघाला. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे जाताना पाटण लागते. तिथल्या देवीच्या देवळातला लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी मठ काढला आणि त्याला १२०७ साली दान मिळाले. मठाला कोणी काय द्यावे, हा लेखाचा शेवटचा भाग चक्क मराठीत आहे! आम्हा मराठीवाल्यांना तेवढ्यापुरताच तो लेख ठाऊक. मी मात्र कुतूहलाने ग्रंथालयातून ना. ह. फडके यांचे 'लीलावती पुनर्दर्शन' घरी आणले.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ सालचा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीलगतचे विज्जडवीड हे आपले गाव असे ते लिहितात. ते नेमके कोणते, यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' पुरा केला. 'लीलावती' हा त्याचाच पहिला भाग. मग बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. एकोणसत्तराव्या वर्षी 'करणकुतूहल' लिहिले. लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडून तिचा मुहूर्त टळला, ही कथा मूळ ग्रंथात नाही. अकबराच्या आज्ञेने फैजीने १५८७ साली केलेल्या फार्सी भाषांतरात ती येते. (फैजीचा भाऊ अबुल फजल काही काळ जालन्यात राहिला होता, असे जुने गॅझेटियर सांगते. आमच्या जिल्ह्याचा संबंध तेवढाच!)

पुस्तकात वाऱ्याने मोडलेला बांबू आहे, बिळाकडे धावणारा साप आणि खांबावरून झेप घेणारा मोर आहे. बत्तीस हातांचा बांबू मोडून त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर टेकला, तर तो बारा हातांवर मोडला. पडताळा सोपा : बारा आणि सोळा यांच्या वर्गांची बेरीज चारशे, तिचे मूळ वीस, आणि बारा नि वीस मिळून बत्तीस. हे मला जमले, याचेच नवल वाटले.

पण मी अडकलो ते एका चौकोनावर. त्याची प्रत्येक बाजू २५. भास्कराचार्य त्याचे एकाहून अधिक आकार दाखवतात. कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६००. १४ आणि ४८ असतील तर ३३६. दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे चौरस असेल, तर ६२५. बाजू त्याच! कारण उघड आहे. समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात, म्हणून आत चार काटकोन त्रिकोण होतात. १५ आणि २० बाजूंच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ १५०, त्याची चौपट ६००. ७ आणि २४ च्या त्रिकोणाचे ८४, चौपट ३३६. कर्ण दोन्हीकडे २५च. नुसत्या चार बाजू सांगून चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्यालाही भास्कराचार्य पिशाच म्हणून मोकळे होतात. आमच्या वाटणीला बसलेली जाणती मंडळी माझ्या डोळ्यांपुढून गेली.

रविवारी चुलतभावाला घेऊन शेतात गेलो. त्याला कारण सांगितले नाही, हे इथे कबूल करतो. धुरे अडीचशे फुटांचे होते. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोर धरला : एक कर्ण २५० फूट, दुसरा ४३३. त्यांच्या गुणाकाराचे निम्मे ५४,१२५ चौरस फूट. काकांचा चौरस ६२,५००. फरक ८,३७५ चौरस फुटांचा. १,०८९ फुटांचा गुंठा धरला, तर साडेसात गुंठ्यांहून अधिक.

वडिलांना कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि दिवाळीनंतर भावाशी बोलतो म्हणाले. दिवाळी होऊन गेली. कागद अजून त्याच सदऱ्याच्या खिशात आहे, आणि आई तो सदरा धुण्याआधी कागद काढून ठेवते व वाळल्यावर परत घालते.