परक्या थंडीतले आनंदीबाईंचे दिवस

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला आज निघण्यापूर्वीच तिथले हवामान, राहण्याची जागा आणि वाण्याचे दुकानही घरबसल्या पाहता येते. तरीही पहिले काही महिने जीव घाबरतो, जेवण गोड लागत नाही. मग ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरलेल्या अठरा वर्षांच्या मराठी मुलीची अवस्था काय झाली असेल?

ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. कल्याणच्या गणपतराव जोशींची कन्या यमुना वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशींशी विवाहबद्ध झाली आणि आनंदी बनली. चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले. त्या दुःखातूनच डॉक्टर होण्याचा निश्चय पक्का झाला. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र नियतकालिकात छापून आले. ते न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले आणि पत्रव्यवहार सुरू झाला.

परदेशगमन म्हणजे धर्म बुडवणे, असे मानणारा तो काळ. श्रीरामपूर येथे फेब्रुवारी १८८३ मध्ये भरसभेत आनंदीबाईंनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही दिली. पतीला मागे ठेवून त्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या. प्रवास सुमारे दोन महिन्यांचा होता.

रोझेलमध्ये कार्पेंटरबाईंच्या रूपाने त्यांना मावशी लाभली. परक्या देशात पाय रोवण्यासाठी असे एखादे घर मिळणे, हे मोठेच भाग्य. मात्र त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर खरी कसोटी सुरू झाली. त्या शाकाहारी होत्या आणि तिथे मनासारखे अन्न मिळणे कठीण होते. खोलीतील शेगडी नीट पेटत नसे, त्यामुळे धूर सोसायचा की थंडी, एवढाच पर्याय उरे. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत. म्हणून त्यांनी पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी स्वीकारली, पण पाश्चात्त्य पोशाख केला नाही.

काय सोडावे आणि काय राखावे, याचा आनंदीबाईंनी केलेला हा निवाडा होता. ज्ञान, शिस्त आणि मैत्री त्यांनी मोकळ्या मनाने घेतली. आहार व धर्म यांबाबत मात्र त्या अढळ राहिल्या. धर्मांतराचा आग्रह त्यांनी नम्रपणे, पण ठामपणे परतवला. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय त्यांनी प्रबंधासाठी निवडला, त्यामागेही हीच वृत्ती दिसते. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

या निष्ठेची किंमत शरीराने मोजली. थंडी, अपुरे अन्न आणि अविश्रांत अभ्यास यांनी प्रकृती खालावत गेली आणि क्षयाने ग्रासले. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी आल्या, पण ते काम हाती घेणे त्यांच्या नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

त्यांनी थोडी तडजोड केली असती तर त्या जगल्या असत्या का, हा प्रश्न मनात येतो. पण ज्या समाजाच्या स्त्रियांची सेवा करायची, त्यालाच आपण परके ठरलो तर ही पदवी काय कामाची, हे त्या जाणून असाव्यात. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या विसावल्या आहेत. ज्या भूमीत त्या परक्या म्हणून उतरल्या, तिथल्याच एका घराने त्यांना आपल्या माणसांत कायमची जागा दिली.