विश्लेषण : मज्जातंतूंना वाट कोण दाखवते? काहाल यांना १८९० मध्ये काय दिसले?

गर्भातील मज्जारज्जूतून निघालेले तंतू दूरच्या स्नायूंपर्यंत नेमके कसे पोहोचतात? याचे उत्तर शोधण्याची सुरुवात सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश डॉक्टरने केली.

काहाल कोण होते?

जन्म १ मे १८५२, स्पेनमधील पेटिया दे आरागोन. त्यांना चित्रकार व्हायचे होते, तर शल्यचिकित्सक वडिलांना मुलगा डॉक्टर व्हायला हवा होता. खोडकर मुलाला वडिलांनी काही काळ न्हाव्याकडे कामाला धाडले आणि पुढे स्वतःच शरीररचना शिकवली. लष्करी डॉक्टर म्हणून क्युबात गेलेले काहाल १८७५ मध्ये हिवतापाने खंगून परतले.

वाद कशावरून होता?

चेतासंस्था म्हणजे एकसंध जाळे, असे तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञ मानत. कामिलो गॉल्जी यांची चांदीच्या क्षाराने पेशी रंगवण्याची पद्धत काहाल यांनी १८८७ मध्ये पाहिली आणि सुधारली. प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते, असे त्यांनी १८८८ मध्ये मांडले. हे छापण्यासाठी पदरमोड करून नियतकालिक काढले. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले, पण गॉल्जी यांनी नोबेल व्याख्यानातही जाळ्याचीच बाजू घेतली.

तंतूच्या टोकाशी काय होते?

१८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या मज्जारज्जूत वाढत्या तंतूच्या टोकाशी काहाल यांना शंकूसारखा फुगवटा दिसला. हाच ‘ग्रोथ कोन’. तो रसायनांच्या ओढीने वाट काढतो, असा त्यांचा अंदाज होता. मात्र त्यांच्यासमोर होत्या मृत, रंगवलेल्या पेशी. जिवंत तंतू वाढताना पाहिल्याची नोंद अमेरिकेच्या रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये केली, तीही बेडकाच्या भ्रूणातील पेशींवरून.

रिसेप्टरची भूमिका काय?

चेतापेशी एकमेकींना निरोप देतात ते न्यूरोट्रान्समीटर या रसायनांमार्फत. रिसेप्टर म्हणजे ते रसायन ओळखणारी पेशीवरची प्रथिने. बेडकाच्या भ्रूणातील मज्जारज्जूच्या पेशींवर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ॲसिटिलकोलीन एका बाजूने सोडताच ग्रोथ कोन त्या बाजूला वळले. त्यासाठी रिसेप्टर सक्रिय होणे आणि पेशीबाहेर कॅल्शियम असणे, दोन्ही आवश्यक होते. म्हणजेच निरोप पोहोचवणारे रसायन वाढीची दिशाही ठरवू शकते.

काहाल यांचे निधन १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये झाले. रसायनांच्या ओढीचा त्यांचा अंदाज प्रयोगशाळेत असा दिसला, तेव्हा त्यांना जाऊन ६० वर्षे होत आली होती.